वांग्याच्या नत्र-स्फुरद-पालाशाविषयी एकमतानं झालेला ठराव

झाडाला नेमकं काय हवंय, हे झाडाला कळत नसतं. कळत असतं तर ते गुपचूप उगवलं नसतं, आधी सभा बोलावली असती. ही उणीव भरून काढण्यासाठी संगमनेरच्या आमच्या सोसायटीनं गच्चीवरच्या बागेकरिता ‘सेंद्रिय खत गुणोत्तर निर्धारण समिती’ नेमली. अध्यक्ष आबासाहेब (दूध संस्थेतून निवृत्त, खुर्चीतून नव्हे). सचिव मी, वाल्मिक. बाग म्हणाल तर निळे ड्रम अर्धे कापून केलेल्या कुंड्या. त्यातल्या एका ड्रममध्ये माझ्या आईनं, भागूबाईनं, जामखेडहून आणलेल्या बियांची वांगी लावली होती.

आमचं कुलदैवत खंडोबा. आई आषाढापासून वांगं तोंडात घालत नाही; चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच खायचं. यंदा रोप लावताना तिनं देवाला कबूल केलं होतं, या झाडाचं पहिलं वांगं तुझं. खत म्हणून ती मूठभर शेणखत टाकायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी ओतायची. हे पाहून समितीच्या अंगावर काटाच आला.

“प्रमाण काय? आधार काय?” आबासाहेबांनी विचारलं.

“मूठ हाय की,” आई म्हणाली.

मूठ हे एकक कुठल्याही परिपत्रकात आढळून न आल्यानं ते फेटाळण्यात आलं.

विषय तसा सोपा आहे. पानांना नत्र लागतं, मुळांना आणि फुलांना स्फुरद, फळांना पालाश. कशात काय किती, ते पोत्यावर छापलेलं असतं. पण आमच्या भागात पोत्यामागं माणूस उभा असतो, आणि त्याला डावलून चालत नाही. आसारामचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे निंबोळी पेंड आली. बिभीषणचा तेलघाणा आहे, म्हणजे शेंगदाणा पेंड आली. आबासाहेबांच्या भावाच्या म्हशी आहेत, त्यामुळं शेणखताबद्दल तर प्रश्नच नव्हता. पुंजारामनानांचे जावई साखर कारखान्यात, म्हणून बॉयलरची राख पालाशाच्या कोट्यातून घेण्यात आली. स्फुरदाचं मात्र सोसायटीत कोणीच नातेवाईक निघालं नाही. हाडांचा चुरा सुचवला गेला, पण देवाला कबूल केलेल्या वांग्याला हाडं घालणार कशी? सबब स्फुरद बिनविरोध वगळण्यात आलं.

मग गणित झालं. एका पेंडीत नत्र पाच टक्के, दुसरीत सात, शेणखतात अर्धा. बेरीज साडेबारा. साडेबारा टक्के नत्र, तेही गच्चीवर! टाळ्या पडल्या. एवढ्यात धनश्रीताई उठल्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात (माणूस म्हणून चांगल्या आहेत).

“अहो, टक्क्यांची बेरीज नसते करायची. कोणतं खत किती किलो घेतलं, त्यावरून सरासरी काढायची. चार फॅटच्या दुधात सहा फॅटचं दूध ओतलं, तर ते दहा फॅटचं होतं का?”

दूध संस्थेत उभी हयात काढलेल्या आबासाहेबांनी क्षणभर विचार केला.

“कागदावर होतं,” ते म्हणाले.

हा अनुभवाचा विषय असल्यानं पुढं चर्चा झाली नाही. प्रत्येक सदस्याच्या खताला समान न्याय देत चारही पोती ड्रमनिहाय वाटण्यात आली. आईनं ड्रमवर पदर पसरून विरोध नोंदवला, तेव्हा तिला चहा देऊन खाली पाठवलं.

परिणाम डोळे दिपवणारा होता. वांग्याचं झाड माझ्या खांद्याला लागलं. पानं एवढी मोठी, की बिभीषणनं एकावर भजी ठेवून खाल्ली. आसपासच्या माश्यांमध्ये शंभर टक्के वाढ झाली (आधारवर्ष: मागचा महिना). फूल तेवढं धरेना. आई रोज गच्चीचा जिना चढायची, पानं बाजूला करून बघायची आणि गुडघे धरून उतरायची.

आणि चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी एक वांगं दिसलं! एकच, पण काय देखणं! आई देवापुढं साखर ठेवून आली. समितीलाही तितकाच आनंद झाला, कारण प्रयोग यशस्वी झाल्याचा पुरावा हवा होता आणि दुसरं फळ उपलब्ध नव्हतं. तातडीनं सर्वसाधारण सभा घेण्यात आली. ‘सदर वांगं पोषणमूल्य तपासणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवावं’ हा ठराव एकमतानं मंजूर झाला. सोबतच्या पत्रावर सचिवाची सही लागते. ती मी केली.

“आता देवाला काय सांगू रं?” आई म्हणाली. “वांगं तपासायला गेलंय म्हनून?”

मी म्हणालो, बाजारातून किलोभर आणतो. चंपाषष्ठीला तिनं रोडगा ठेवला, आणि भरताच्या जागी रिकामी वाटी.

पुढं अहवाल आला. ‘नमुना निरोगी असून खाण्यास योग्य आहे.’ तो आम्ही लिफ्टशेजारी काचेत लावलाय. आई अजून वांगं खात नाही. परवा शेजारून भरल्या वांग्याची वाटी आली, तर तिनं ती माझ्याकडं सरकवली. मला फार वाईट वाटलं. वांगी मी खाल्ली.

एवढं वाचून तुम्हालाही वाटलं असेल, की ते वांगं त्या माउलीलाच द्यायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं. सभेतल्या प्रत्येकाला तसंच वाटत होतं. नंतर चहा पिताना एकेकानं मला बाजूला घेऊन सांगितलं. हात मात्र सगळ्यांचे वर होते. तुम्ही असता तर तुमचा खाली राहिला असता, असं वाटत असेल, तर तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत काय मंजूर झालं ते जरा आठवून बघा. आठवत नसेल, तर ते एकमतानं झालं होतं.