सायक्लोनच्या कानातला कापूस

"या घोड्याला आजवर मानवी हाताचा स्पर्श झालेला नाही," असं दिग्दर्शक प्रॅट यांनी कर्ण्यातून जाहीर केलं, तेव्हा सायक्लोन आडवा पडून क्लेमकडून मान खाजवून घेत होता.

ही घोषणा कंपनीचे मालक झिमरसाहेब यांच्यासाठी होती. ते आज अमेरिकेतल्या नेवाडाच्या माळावर जातीनं आले होते. घोडा रानटी वाटला नाही तर चित्रपट बंद आणि घोडा सर्कशीला, असं त्यांनी मोटारीतून उतरतानाच सांगून टाकलं होतं. क्लेमनं सायक्लोनला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं.

प्रसंग सोपा होता. नायिका रडत निरोप देते, घोडा कुंपण मोडून डोंगराकडे पळतो. मूकपटात आवाजाचं काम नाही, पण फिडलवर करुण चाल वाजल्याशिवाय नायिका झालेल्या लव्हिनाबाईंना रडू येत नसे, म्हणून एक फिडलवाला खास पगारावर ठेवला होता. आणि घोड्याच्या मरणाचं दृश्य क्लेमनं गेल्याच आठवड्यात बसवलं होतं, त्याच चालीवर.

सूर निघाला. बाई रडल्या. सायक्लोन मेला, जीभ बाहेर काढून, शिस्तीत.

दुसऱ्यांदाही मेला. प्रॅटनी चाल बदलायला सांगितली, तर बाईंना हसू येऊ लागलं.

"रानटी म्हणे," झिमरसाहेब पुटपुटले. "आमच्या सासूबाईंची मांजर याच्यापेक्षा बरी चावते."

मग क्लेमनंच सुचवलं, की घोड्याच्या कानांत कापूस कोंबू.

कापूस कोंबला. फिडल वाजली, बाई रडल्या, घोडा उभा राहिला. बाईंनी निरोपाचा रुमाल हलवला, तो नेमका त्याच्या नाकाला लागला. सायक्लोन दचकला आणि कुंपण मोडून सुटला. पण डोंगराकडे नव्हे, मंडळींकडे. क्लेम "थांब, थांब" म्हणून ओरडत होता, पण ऐकणार कोण? जेवणाचा तंबू कोसळला, राजम्याचं पातेलं उलटलं, प्रॅट पाण्याच्या हौदात आणि त्यांचा कर्णा टापांखाली. थांबा म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून कॅमेरावाला इमानानं दांडा फिरवतच राहिला.

शेवटी क्लेमनं मानेला लटकून कापूस काढला, तेव्हा सायक्लोन शांतपणे त्याचा खिसा हुंगू लागला.

"साहेब, चूक माझी," क्लेम म्हणाला. "मला काढा, पण ह्याला सर्कशीत नका देऊ."

झिमरसाहेब लव्हिनाबाईंच्या झग्यामागून बाहेर आले. त्यांनी टोपी झटकली.

"सर्कशीत? खुळा आहेस का? असलं रानटी जनावर मी जन्मात पाहिलं नाही. हा इथंच राहील, तूही राहशील. आणि आत्ता जे घेतलंय ना, त्यातला एक तुकडाही कापायचा नाही."

मग ते कॅमेरावाल्याजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त झग्यामागचा तो माणूस... तेवढा काढता येईल का, बाबा?"