पाच मिनिटांचं स्थलांतर

"पाच मिनिटं! सहावं मिनिट लागलं, तर नाव बदलेन!"

होस्टिंगवाल्यांनी जेवताना ही घोषणा केली, तेव्हा घरातलं कुणीच दचकलं नाही. नाव बदलण्याची प्रतिज्ञा या घरात महिन्यातून एकदा तरी होत असे, आणि माणूस अजून त्याच नावाने वावरत होता. सासरेबुवांनी पाण्याचा घोट घेतला. बायको मात्र जेवता जेवता थांबली.

गल्लीत सगळे त्यांना होस्टिंगवालेच म्हणत. लोकांच्या वेबसाइट्स ज्या मशिनवर राहतात ते मशिन, म्हणजे सर्व्हर, सांभाळणं हा त्यांचा धंदा. एका सर्व्हरवर बेचाळीस साइट्स नांदत होत्या. दातांचे डॉक्टर, ड्रायव्हिंग स्कूल, लग्नाचा हॉल, एकमेकांशी न बोलणारे दोन वकील आणि खुद्द बायकोचा बालवर्ग. आता सर्व्हरला पत्ता असतो, आकड्यांचा. माणूस साइटचं नाव टाकतो, फोन एका जागतिक नोंदवहीत त्या नावापुढचा आकडा बघतो आणि माणसाला बरोबर त्या दारात नेऊन उभं करतो. होस्टिंगवाल्यांनी हे आकडे ज्या कंपनीकडून घेतले होते तिने कळवलं होतं, की जुने पत्ते अमुक शनिवारी दुपारी बाराला बंद होतील, नवे घ्या. पत्र तीन महिन्यांपूर्वी आलं होतं. होस्टिंगवाल्यांनी ते नीट वाचलं, शांतपणे विचार केला आणि शेवटचा शनिवार निवडला.

"पण हाच शनिवार का?" बायको म्हणाली. "अकराला माझ्या वर्गाचे प्रवेश सुरू होतायत. पाचला जागामालक येणार. वीस अर्ज हातात दिले तर हॉल माझा, नाहीतर सोमवारपासून तिथे जिम! नऊ वर्षं चालवतेय मी तो वर्ग, अहो."

"अगं, दहाला सुरू, दहा पाचला खलास. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"माझ्या वर्गाचे बारा वाजवू नका म्हणजे मिळवली."

एक मान्य करायला हवं, तयारीत त्यांनी कसर ठेवली नव्हती. नव्या पत्त्याचं मशिन उभं केलं, बेचाळीसच्या बेचाळीस साइट्स तिकडे नेऊन ठेवल्या. नोंदवहीला दोन दिवस आधीच बजावलं, की कुणी पत्ता विचारला तर पाच मिनिटांपुरताच सांग, मग पुन्हा विचारायला लाव. म्हणजे जुना पत्ता धरून कुणी बसायला नको. शिवाय जगाच्या आधी आपल्याला नवं घर बघता यावं, म्हणून स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या एका छोट्या फाइलीत त्यांनी नवा आकडा हाताने लिहून ठेवला. त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर नोंदवहीकडे फिरकेना, थेट नव्या दारात जायला लागला. तपासणी झाली की ती ओळ पुसायची असते. ती पुसायची राहून गेली.

शनिवारी दहाच्या ठोक्याला त्यांनी नोंदवहीत नवा आकडा टाकला. त्याच्या शेवटी एक्याऐंशी हवं होतं, त्यांनी अठरा टाकलं. होतं असं माणसाच्या हातून! बेचाळीस नावं, आकडा एक, त्यामुळे चूकही सगळ्यांना सारखी वाटली गेली. मग त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर एकेक साइट उघडून पाहिली. बेचाळीसही टकाटक!

"दहा वाजून चार मिनिटं!" ते ओरडले. "बाबा, बघा! एक मिनिट शिल्लक!"

सासरेबुवा बाहेरच्या खोलीत टॅबलेट घेऊन बसले होते. गेल्या वर्षीपासून ते लेकीकडे राहायला आले होते. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी एका कचेरीत बसून लोकांचे अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवले होते.

"जावईबापू, इथे जरा वेगळंच काहीतरी दिसतंय."

"फॉर्म दिसतोय का?"

"दिसतोय. पण वर नाव..."

"नाव उशिरा लोड होतं. फॉर्म महत्त्वाचा. भरून पाठवा बघू एक. पोहोचतो का एवढंच पाहायचंय."

"कुणाच्या नावाने भरू?"

"तुमच्याच भरा!"

बाहेरून पुन्हा आवाज आला. "'स्वतःच्या हाताने जेवता येतं का?' असं विचारलंय."

"लहान मुलांचा वर्ग आहे, बाबा! तेच विचारणार!"

"'दात किती शिल्लक आहेत?'"

"किती आलेत, असं म्हणायचं असेल तिला."

"'घर का सोडायचं आहे?'"

"आता मूल पहिल्यांदाच घर सोडून जाणार, तर नको का विचारायला? बाबा, शंका काढू नका. सगळं भरा आणि पाठवा!"

तेवढ्यात फोन वाजला. दातांचे डॉक्टर.

"अहो, माझी साइट उघडली तर..."

"डॉक्टर, माझ्याकडे व्यवस्थित दिसतेय. प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे. राउटर बंद करा, तीसपर्यंत मोजा, सुरू करा."

डॉक्टरांच्या खुर्चीत त्या वेळी एक पेशंट तोंड उघडून बसला होता. तोही मनातल्या मनात तीसपर्यंत मोजत राहिला. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन. त्यांना तोंड उघडायची संधी न देता होस्टिंगवाल्यांनी कॉम्प्युटरमधलं साठलेलं सगळं पुसायला सांगितलं. त्यांनी इमानेइतबारे सगळं पुसलं, त्यात महिन्याभराच्या शिकवण्यांचं वेळापत्रकही गेलं. लग्नाच्या हॉलवाल्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं. त्यांनी बंद केला, पण चालू करताना लागणारे चार आकडे काही केल्या आठवेनात, त्यामुळे त्यांची तक्रार मिटली. दोन्ही वकिलांचे फोन मात्र लागोपाठ आले. दोघांनाही एकच उत्तर मिळालं, 'प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे.' अकराच्या सुमाराला ते दोघे सहा वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले आणि एकत्र नोटीस लिहायला बसले.

"लोकांना काय धड वापरता येत नाही, बाबा," होस्टिंगवाले घाम पुसत म्हणाले. "सगळ्या गावाचं नेट आजच बिघडायचं होतं!"

सासरेबुवा अजून फॉर्मच लिहीत होते.

साडेअकराला बायकोचा हॉलवरून फोन आला. "अहो, अर्धा तास झाला. एकही अर्ज नाही."

"लोक विचार करत असतील."

पावणेबाराला पुन्हा. "पालक मला फोन करून सांगतायत, 'बाई, भरला हं!' माझ्याकडे शून्य!"

"मग प्रॉब्लेम तुझ्याकडे..."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला या शांततेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. होस्टिंगवाल्यांनी वाक्य गिळलं आणि फोन ठेवला. बाराला जुने पत्ते ठरल्याप्रमाणे बंद पडले. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, बेचाळीसही टकाटक. बारा दहाला तिसरा फोन आला. बायकोचा आवाज इतका थंड होता, की ते उभे राहिले.

"अहो, मला आत्ता एका वृद्धाश्रमातून फोन आला होता."

"आपलं कोण आहे तिथे?"

"तिथल्या व्यवस्थापक बाई रडत होत्या. म्हणाल्या, वीस वर्षांत असं पाहिलं नाही. महिन्याला एखादा अर्ज येतो, आज एका सकाळी गठ्ठाच आला. आणि जवळजवळ सगळ्यांचं वय तीन! पुढचा आकडा राहिला असेल म्हणून त्यांनी एका घरी फोन केला. तर आई म्हणाली, 'छे हो, बरोबर आहे. पुढच्या महिन्यात चार पूर्ण होतील. आता घरात अजिबात ऐकत नाही, लवकरात लवकर घ्या!' मग त्यांनी त्या आईला इतकं झापलं, की तिने माझा नंबर दिला."

होस्टिंगवाल्यांनी धावत जाऊन सासऱ्यांच्या हातातला टॅबलेट घेतला. बालवर्गाचं नाव टाकलं. आधी लालभडक सूचना आली, 'ही जागा खरी वाटत नाही, मागे फिरा.' पण मुलाच्या प्रवेशासाठी बसलेले आईबाप असल्या सूचनेला भीक घालतात होय! सगळ्यांनी 'तरीही पुढे जा' दाबलं होतं. पुढे, म्हणजे अठरा आकड्याच्या दारात, वृद्धाश्रमाच्या बाकावर बसून हसणारे सहा आजी-आजोबा होते आणि खाली लिहिलं होतं, 'प्रवेश सुरू आहेत.'

"मी तेच सांगत होतो, वर नाव वेगळं आहे," सासरेबुवा म्हणाले.

अठराचे एक्याऐंशी करायला अर्धं मिनिट लागलं. जगाला नवा पत्ता कळायला पाच मिनिटं. तेवढं बोलणं मात्र त्यांचं खरं ठरलं! पण आता फॉर्म उघडून उपयोग काय? ज्यांना भरायचा होता त्यांनी भरला होता, आणि ते निवांत जेवायला बसले होते. पालकांना पुन्हा कळवावं, तर फोन केलेले चार-पाच सोडून बाकीच्यांचे नंबर त्या अर्जांतच. बायकोने वृद्धाश्रमाच्या बाईंना अर्ज पाठवायची विनंती केली. बाई म्हणाल्या, "लोकांची खासगी माहिती अशी पाठवत नसतात. मी स्वतः घेऊन येते. तुम्ही कोण आहात, तेही मला बघायचंय."

साडेचार झाले तरी बाई आल्या नाहीत. बायको हॉलमधला फळा पुसत होती. तो आधीच स्वच्छ होता. होस्टिंगवाले दाराशी उभे होते, सासरेबुवा एका बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. जागामालक आलेच, आणि बरोबर जिमवाल्यालाही घेऊन आले. त्याने खिशातून टेप काढला आणि आरसे कुठे लागतील ते मोजायला सुरुवात केली. जिथे मुलांची चित्रं लावली होती, नेमकं तिथेच!

"नऊ वर्षं," बायको हळूच म्हणाली. "ही भिंत मी स्वतः रंगवली होती." तिचे डोळे भरून आले. होस्टिंगवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या नेटवर्कबद्दल काही सुचलं नाही.

पाचला दोन मिनिटं कमी असताना व्यवस्थापक बाई छातीशी फाइल धरून धापा टाकत आल्या. भिंतीवरची चित्रं, बुटक्या खुर्च्या, रडवेली बाई, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि फाइल थेट बायकोच्या हातात दिली. "घ्या. सकाळपासून आलेले सगळे."

जागामालक आकड्यांचे माणूस, अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नसे. त्यांनी अंगठा ओला केला आणि कागद उलटायला लागले. "...सतरा, अठरा, एकोणीस..." जिमवाल्याने टेप थांबवला. "...वीस." त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा वीस! जागामालकांनी तिथेच वर्षभराच्या कागदावर सही केली. जिमवाला टेप गुंडाळून निघून गेला. बायको मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही.

जरा सावरल्यावर ती अर्ज वाचायला लागली. "अंथरूण ओलं होतं का? होय. स्वभाव चिडका आहे का? फार. रुसल्यावर कसं समजवावं लागतं? अगंबाई, हे प्रश्न मला नऊ वर्षांत सुचले नाहीत! पुढच्या वर्षी हाच फॉर्म ठेवते." विसाव्या अर्जावर ती थांबली. "वय शहात्तर?"

सगळ्यांनी बुटक्या खुर्चीकडे पाहिलं.

"जावईबापूंनी भरायला सांगितला," सासरेबुवा म्हणाले.

होस्टिंगवाल्यांनी कागद हातात घेतला. "बाबा, तो नुसता तपासायला होता! आणि हे काय? 'घर का सोडायचं आहे' याच्यापुढे दीड पान? आणि सगळं माझ्याबद्दल?"

"त्या रकान्याला लाल चांदणी होती. रिकामा सोडून चालत नव्हतं."

व्यवस्थापक बाईंना आता दिवसभरात पहिल्यांदाच एक खराखुरा अर्जदार भेटला होता. त्या सासरेबुवांच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. "आजोबा, तुमचा अर्ज वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे एक जागा आहे. हवेशीर खोली, वेळेवर जेवण. येता का?"

"बाबा!" बायको ओरडली.

सासरेबुवांनी तिला हाताने थांबवलं. जावयाकडे एकदा नीट पाहिलं आणि मग बाईंकडे वळले.

"तुमची वेबसाइट कोण बघतं, ते आधी सांगा."