दाजीकाकांची दाद

दाजीकाका मयेकर फोनोसमोर विडा ठेवीत. किल्ली भरून झाली, तबकडी चढली, की पितळी तबकात लवंग टोचलेला विडा येई, आणि गवई नुकताच पाय धुऊन बैठकीवर बसला आहे अशा अदबीने काका ते तबक कर्ण्यासमोर सरकवीत. कलावंत मनासारखा वाजला तर विडा तिथेच राही. नाही वाजला, तर तबकडी फिरत असतानाच काकांचा हात पुढे येई आणि विडा काकांच्या तोंडात जाई. "याची लायकी नाही," असे ते भरल्या गालाने जाहीर करीत.

हा कलावंत कुणी गवई नव्हे, तर पियानो वाजवणारा परदेशी वादक असे. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावरच्या गोडदेव गावात, जिथे संध्याकाळी भजनाच्या टाळांखेरीज फारसे काही वाजत नसे, तिथे दाजीकाकांच्या ओसरीवरून पियानो ऐकू येई. चोरबाजारातून त्यांनी नाट्यपदांच्या आशेने जुना फोनो उचलला. दुकानदाराने कापडात बांधून दिलेल्या तबकड्या घरी येऊन उघडल्या, तेव्हा एकही पद निघाले नाही. निघाला तो सगळा पियानो. दुसरा कोणी परत गेला असता. काकांनी एक तबकडी लावली, डोळे मिटले, आणि शेवटी म्हणाले, "पाण्यावर चांदणं सांडतंय हो! भांडं मात्र कुणाचं कोण जाणे."

काकांची आणि आमची भिंत एकच. मी तेव्हा नवी नवरी आणि त्याहून नवी शिक्षिका. मराठीच्या तासाला कविता शिकवणारी, आवाज चढला तरी ओशाळणारी. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, ओलसर वाऱ्यात त्या सुरांची धार बोथट होऊन यायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून जायची. पण त्या सुरांमागोमाग काकांचा आवाज येई: "अहाहा! क्या बात है! मार डाला!" रस्त्याने जाणारी माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप थबकत, कुणाला मारले ते बघायला डोकावत, आणि लाज माझ्या कानांच्या पाळ्यांपासून चढू लागे. शेजार माझा होता. वेड जणू माझेही ठरत होते.

काका मिठागरावर वजनकाट्याशी बसत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळ्याचे माप मिठात. बोलघेवडा माणूस म्हणजे 'ओलं मीठ, वजन फार, चव कमी.' कुणी अकारण रडले तर 'वाफ्यात पाणी ठेवलंय, मीठ अजून पिकायचंय.' पियानोच्या त्या रचना करणारा बिचारा छातीच्या रोगाने गेला हे कळल्यापासून काका त्याला 'खोकलेकर' म्हणू लागले; जणू तो काकांच्या गावचा, केळशीकडचाच कुणी दूरचा आप्त.

ही माहिती पुरवली ती दुमिंग मास्तरांनी. मास्तर समुद्रकाठच्या उत्तनचे, कागदोपत्री डॉमिनिक. चर्चच्या शाळेत शिकवीत आणि रविवारी प्रार्थनेला पायांनी भाता हलवायचा ऑर्गन वाजवीत. लहानपणी एका पाद्र्याने त्यांना पियानोचे धडे दिले होते. त्या पाद्र्याने मागे ठेवलेले स्वरलिपीचे कागद मास्तर छत्रीत गुंडाळून आणीत. काकांच्या फोनोची वार्ता त्यांच्या कानी कुणा मीठवाल्याने घातली, आणि एका रविवारी दुपारी ते बोंबलांच्या वासासकट आमच्या अंगणात उभे राहिले. पुढे प्रत्येक रविवार त्यांचा झाला.

काकांकडे एकच रचना दोन वादकांनी वाजवलेली होती. त्या रचनेला नॉक्टर्न म्हणतात, म्हणजे 'रातचा गाना', हे मास्तरांनी सांगितले. दोघा वादकांची काकांनी नावे ठेवली होती, सासरा आणि जावई. सासरा सावकाश वाजवी. एका जागी, मूळ सुरावट परतून येताना, तो एका सुराच्या दारात क्षणभर उभाच राही. जावई मात्र 'ताट समोर आल्यासारखा तुटून पडे'. वाद या उभे राहण्यावरून होता.

"हितं थांबा असा लिवलेला न्हाय," मास्तर कागदावर बोट आपटीत. "बघ! तुजा सासरा कागद वाचत न्हाय, झोपा काढतोय."

"मास्तर, कागदावर मीठ लिहिलं म्हणून कालवण खारट होतं काय?"

"मंग खोकलेकराने कशाला लिवला? मूर्ख होता?"

"आजारी होता. तुम्हीच म्हणालात. दम लागला की माणूस पायरीवर थांबतो का नाही? तो काय लिहून थांबतो?"

"तुज्या मिठागरावर काटा असाच थांबवतोस काय रं? म्हंजे लोकाला लुटतोस!"

काका चिडून विडा स्वतः खात, मास्तर चिडून छत्री उचलत, अंगणातून परत येत, आणि म्हणत, "जावयाला लाव एकदा. शेवटचा." कित्येक रविवार हा शेवटचा जावई लागला. भांडता भांडता दोघांचा चहा निवून जाई, आणि तो पुन्हा गरम करून द्यायचे काम आपसूक माझ्याकडे आले. मी चिडत असे खरी. पण चूल फुंकताना माझाही कान त्या थांबलेल्या सुराकडे लागलेला असे, हेही तितकेच खरे.

मग मुंबईत एक बडा परदेशी वादक येणार असल्याची बातमी मास्तरांनी आणली. त्यांचा एक चुलतभाऊ फोर्टात व्हायोलिन शिकवी. मोठा रुबाबदार, उत्तनला वर्षातून एकदा सणाला येणारा आणि नाकाला रुमाल लावून परतणारा. त्याच्याकडे मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा काही मागितले: तीन पास. तिसरा माझ्यासाठी, कारण मला सूनबाईच म्हणणारे काका म्हणाले, "सूनबाईला कवितेतलं कळतं, ती पंच." मास्तरांनी ठेवणीतला कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला तो कोट आणि त्याच्या बाहीवरून सारखा फिरणारा त्यांचा हात पाहिला, आणि मला उमगले की आज पियानोवाल्याची नव्हे, मास्तरांची परीक्षा आहे. भावासमोर त्यांना मान खाली घालावी लागू नये, एवढेच त्यांना हवे होते.

सभागृह थंड होते. मखमलीचा, अत्तराचा आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा एक मंद गंध. भाऊ आमच्या मागच्या रांगेत बसला. वादक आला, पांढऱ्या केसांचा, वाकलेला, बोटे मात्र तरुण. बऱ्याच वेळाने तोच नॉक्टर्न सुरू झाला. मास्तरांनी काकांकडे पाहिले, काकांनी मास्तरांकडे. सुरावट परतून आली, आणि वादक त्या सुराच्या दारात थांबला. सासऱ्याहूनही अधिक.

"अहाहा! क्या बात है! जियो!"

आणि फाडकन काकांची थाप पडली, मास्तरांच्या मांडीवर.

माना वळल्या. किती वळल्या ते सांगत नाही. मला तर भिंतीवरच्या तसबिरीही वळल्यासारख्या वाटल्या. आणि दाजीकाकांना वाटले, लोकांना पटले! त्यांनी हसतमुखाने उजवीकडे मान लववली, डावीकडे लववली, "आहे की नाही?" असे कुणा गोऱ्या बाईला मराठीतून विचारलेही. तेव्हा मागून भाऊ वाकला, आणि बोलला ते मास्तरांच्या कानात, पण आम्हा तिघांना ऐकू जाईल असे.

"डॉमिनिक, हा मासळीबाजार न्हाय."

दाजीकाकांचा हात हवेतच राहिला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला, जणू परक्याचा हात चुकून आपल्याकडे आला आहे. पियानो चालूच होता, पण मला पुढचे काही ऐकू आले नाही. लाजेला स्वतःचा एक आवाज असतो. कानात समुद्र शिरल्यासारखा.

मध्यंतरात मास्तर उठले आणि बाहेर चालू लागले. आम्ही मागोमाग. घरी पोचेपर्यंत ते एवढेच बोलले, "दाजी, माज्या भावासमोर."

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. काका दुपारी अंगणातल्या फाटकाशी जाऊन कडी लागली आहे की नाही ते पाहत. ती उघडीच असे, तरी पाहत. फोनोवर पंचा टाकलेला. आमच्या भिंतीपलीकडची शांतता मला हवीहवीशी वाटायला हवी होती. ती खाऱ्या हवेत ठेवलेल्या लोखंडासारखी दिवसेंदिवस तांबारत गेली.

एके सकाळी काकांनी हाक मारली. "सूनबाई, जरा ये. मला गप्प बसायला शिकायचंय. तू समोर बस आणि बघ, आवाज निघतो का."

त्यांनी सासरा लावला आणि ओठ घट्ट मिटले. थांबण्याची जागा आली, आणि नाकातून 'हूं' निघाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोंडात अख्खी सुपारी धरली; पाय नाचू लागले, पायाने पाट उलटला. तिसऱ्या खेपेला पंचा चावला. डोळे असे विस्फारले की मीच घाबरून सुई उचलली. मी हसत होते, आणि हसताना मला आपलीच शरम वाटत होती, कारण काका हसत नव्हते. शाळेतून नाव काढून टाकलेल्या पोरासारखे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "परत लाव. जमेल."

जमले एकदाचे. त्या रविवारी ते मला सोबत घेऊन उत्तनला गेले. "एकटा गेलो तर मास्तर दार लावतील. बाईमाणसासमोर नाही लावायचे."

चर्चमध्ये मेणाचा आणि झेंडूचा वास होता. दारातून सुकत घातलेल्या मासळीचा. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मास्तर ऑर्गनवर होते. काकांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते. प्रार्थना संपली, माणसे पांगली, आणि कागद गोळा करताना मास्तरांनी आम्हाला पाहिले.

"कशाला आला?"

"मास्तर, मला आता जमतं. तोंड बंद राहतं. सूनबाईला विचारा."

"जमतं ना? मंग घरी बस न् ऐक. माजी काय गरज?"

दाजीकाकांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. माझ्यासमोर बोलायला त्यांना अवघड जात होते हे मला दिसत होते, आणि उठून जायला मला.

"आमची ही होती ना," ते म्हणाले, "तेव्हा आम्ही गाण्याला जायचो. चांगली जागा आली की मी तिला कोपराने ढोसायचो. ऐकलंस? ती म्हणायची, ऐकतेय हो, बरगडी मोडाल. ती गेली, आणि मास्तर, मला काही ऐकूच येईना. म्हणजे कान ठीक होते. पण चांगलं काही आलं की बाजूला वळायचो, तर भिंत. म्हणून फोनो आणला, त्याला विडा दिला. तो काय ढोसून घेतो? मग तुम्ही आलात." त्यांनी तळवे आणखी आत दाबले. "त्या दिवशी मी त्या गोऱ्याला नाही ओरडलो. तो थांबला ते मी तुम्हाला सांगत होतो. तुमच्या भावासमोर तुमची मान खाली गेली, ती माझ्यामुळे. ती वर कशी करायची ते मला येत नाही. एवढंच सांगायला आलो."

खिडकीतून लाटांचा आवाज येत होता. मी बाकाच्या लाकडावर नखाने रेघ ओढीत होते.

मास्तरांनी छत्रीतून तो कागद काढला, ऑर्गनवर मांडला आणि भात्यावर पाय ठेवले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी नॉक्टर्न वाजवला. पियानोची रचना ऑर्गनवर. चांदणे नव्हे, जणू जुने गलबत धापा टाकत किनाऱ्याला येत होते. भाता मध्येच कण्हत होता. पण सुरावट परतून आली तेव्हा कागदावर नसलेले काहीतरी मास्तरांच्या बोटांत घुटमळले. थांबावे की थांबू नये या पेचात ते अडखळले, आणि लगबगीने पुढे गेले.

शेवटचा सूर विरला. काकांचे ओठ घट्ट मिटलेले होते. गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते पुसायलाही त्यांनी हात मांड्यांखालून काढले नव्हते.

"दाजी," मास्तर मागे न वळता म्हणाले. "मेलास काय? बोल काय तरी."

दाजीकाकांनी वेदीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग बाकावर पुढे सरकले आणि देवाचीही झोपमोड होऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"घाई केलीत, मास्तर."