पाठीतली सुपारी

नगरच्या आमच्या कॉलनीत सकाळी दुधाच्या रांगेत मागून आवाज येतो, "सर, सुपारी पडली." नवखा माणूस खाली बघतो. मी मुकाट्यानं छाती पुढं काढतो. कारण ही सुपारी हातातली नाही, पाठीतली. दोन्ही फरे, म्हणजे खांद्यामागची पसरट हाडं, एकमेकांकडं ओढायची आणि मध्ये सुपारी धरलीय असं समजायचं, हा शेजारच्या नानांचा नियम.

नाना मूळचे पारनेरकडचे. एमआयडीसीत लेथवर उभं राहून नोकरी संपली, तरी पाठ ओळंब्यात. माझी मात्र वह्या तपासता तपासता विळ्यासारखी झालेली. "तुमी पोरांना ताठ बसा म्हनता, तवा हसत न्हाईत का ती?" असं त्यांनी मला बायकोदेखत विचारलं. पोरांचं माहीत नाही, बायको हसली.

तेव्हापासून मी त्यांच्या शाळेत. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधायची आणि कोपरं मागं नेत ओढायची. पहिल्याच दिवशी गाठ सुटून ट्यूब माझ्या चष्म्यावर बसली. मग कॉलनीच्या भिंतीपुढं उभं राहून बोटांच्या पावलांनी हात वर चढवायचा आणि थांबेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. सेक्रेटरी भिंत खराब होते म्हणून तक्रार करायला आले, ते स्वतःची खूण करून गेले. हळूहळू भिंतीपुढं रांगच लागली. नाना आणि त्यांच्या बायको, नानी, याही त्यात असत. नानींची खूण सगळ्यांत खाली.

त्यांची वेणीही कायम तिरपी, एकीकडं फुगलेली. आमची ही म्हणायची, नानींना घाईच फार.

एकदा ट्यूब परत द्यायला गेलो. नानी ओट्यावर बसलेल्या आणि मागं नाना, दातात फणी धरून. नानी विचारत होत्या, "तिसरा पेड कुठं गेला?"

मला पाहून नाना लाजले. मग फाटकापर्यंत येऊन हळूच सांगितलं. शुगरमुळं नानींचा उजवा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जाईना. आपली वेणी आपल्याला घालता येत नाही म्हणून रडायच्या. डॉक्टरांनी भिंतीचा व्यायाम सांगितला, तर म्हणाल्या, या वयात पाल व्हायचं का.

"एकटी लाजत हुती, सर. म्हनलं, सगळी कॉलनीच पाल करून टाकू."

आणि मी समजत होतो, माणूस माझ्या खांद्यांसाठी जीव टाकतोय.

नानींची खूण बोट-बोट वर सरकत राहिली. गेल्या आठवड्यात त्या दुधाच्या रांगेत आल्या त्या सरळ, घट्ट वेणी घालून. स्वतः घातलेली. बायकांनी फिरवून फिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभिनंदन करायला गेलो. नाना ओट्यावर बसले होते, रिकामे हात मांडीवर ठेवून. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची सुपारी पडलेली दिसली.

"ब्येस झालं," ते म्हणाले. "फकस्त सकाळ लई मोठी झाली, सर."

तेवढ्यात आतून नानींची हाक आली. "अहो, या जरा. आज न्हाई जमत मला."

नाना तटकन उठले, पाठ ताठ. उघड्या दारातून मला दिसलं. नानींनी उजवा हात डोक्याच्याही वर नेला, उंच फळीवरची फणी सहज काढली आणि पाठमोऱ्या बसून ती नानांच्या हातात दिली.