सेक्रेटरीच्या खिडकीतलं मोहोळ

पेटी रिकामी आहे हे बबन पेडणेकरांच्या लक्षात आलं, तेव्हा मनोरमाबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत काही करता येईल का, याचा बबनरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. पण उडून गेलेल्या हजारो मधमाश्या बनियनवरचा एक माणूस काय परत आणणार? त्यांनी पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, बाजूला टिचकी मारून पाहिली. आतल्या चौकटींवर मुंग्यांची मजेत ये-जा चालली होती. माशी औषधालाही नव्हती.

"ऐकलंस का," ते बाथरूमच्या दाराशी जाऊन म्हणाले, "माश्या गेल्या."

"कुठे?"

"सांगून नाही गेल्या."

आतलं पाणी बंद झालं. मग मनोरमाबाईंचा आवाज आला, "पावती काढून ठेवा."

बबनरावांच्या अंगावर सुखाचा काटा आला. बत्तीस वर्षं ते या वाक्याचे चाहते होते. गिरगावात होते तेव्हापासून मनोरमाबाईंनी वाटेल ते बदलून आणलं होतं. शिट्टी न वाजणारा कुकर, एका धुण्यात आटलेला परकर, इतकंच काय, भाचीच्या लग्नात पंगत उठल्यानंतर जिलबीसुद्धा. आणि हे सगळं एकदाही खोटं न बोलता. "खोटं बोलणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं," त्या म्हणायच्या, "मला तेवढा वेळ नाही." त्या फक्त खरं बोलत, पण अशा क्रमाने बोलत की शेवटी दुकानदारच त्यांची माफी मागे. बबनरावांचं काम पिशवी धरून मागे उभं राहण्याचं. ते काम त्यांनी कधी कमीपणाचं मानलं नाही.

मीरा रोडला राहायला आल्यावर वरच्या मजल्याच्या मोठ्या गॅलरीत मनोरमाबाईंनी दुधी आणि कारल्याचे वेल चढवले. फुलं भरपूर यायची आणि तशीच गळून पडायची. माश्या फिरकत नाहीत म्हणून फळ धरत नाही, असं कळल्यावर त्यांनी थेट माश्याच विकत आणल्या. उत्तनजवळच्या चौक गावात संघप्रिया नावाची मुलगी पाळीव मधमाश्यांच्या भरलेल्या पेट्या विकायची. गेल्याच आठवड्यात तिने स्वतः येऊन पेटी मांडून दिली होती. आणि आज ही तऱ्हा.

तासाभरात दोघं चौकच्या बसमध्ये होते. बबनरावांच्या मांडीवर रिकामी पेटी, आणि पेटीवर पावती.

चौकात उतरल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून वाट काढत ते गोदूबाईंच्या घराशी पोचले. त्यांचीच वाडी संघप्रियेने भाड्याने घेतली होती. ओट्यावर जाळं शिवत बसलेल्या गोदूबाईंनी पेटीकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"उडाल्या काय? मागं वाडीन हाय ती. जा, डरू नको. माश्या काय न्हाय करीत. पोरगी बोलायला जरा तिखट हाय."

"असू दे," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले.

संघप्रिया तोंडावरची जाळी मागे टाकून पुढे आली. प्राणिशास्त्र शिकलेली, भाईंदरला वाढलेली, विशी ओलांडलेली मुलगी. कानाला फोन आणि दुसऱ्या हातात माश्यांना शांत करायचा धुराचा डबा. फोनवर ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "नाही गुणवंतराव, मी राणीशी बोलून बघू शकत नाही. नंतर फोन करते." मग तिने पेटी पाहिली.

"मावशी, स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी ठेवत होता ना?"

"ठेवलं होतं. परवा मीच ओतून टाकलं. सोसायटीची नोटीस आली. साठलेलं पाणी दिसलं की दंड."

"बघा! पाणी नाही म्हणून मुंग्या चढल्या, मुंग्या चढल्या म्हणून माश्या गेल्या. यात माझी काय चूक?"

"तुझी चूक आहे असं मी म्हटलंच नाही," मनोरमाबाई गोड आवाजात म्हणाल्या. बबनरावांनी पेटी खाली ठेवली आणि नीट पाहता येईल अशी जागा पकडली. "मला एवढंच सांग, तू मला काय विकलंस?"

"मधमाश्यांची वसाहत. राणीसकट. तुम्ही राणी स्वतः बघितलीत."

"बघितली ना. छान होती. आता वसाहत म्हणजे काय? जिथे कोणी वसतं ती. वसलंच नाही कोणी, तर तू मला वसाहत दिलीस की नुसती भेटीला पाठवलीस?"

संघप्रिया हसली. "मावशी, तो जीव आहे. कुकर नाही. त्यांना नाही आवडलं, त्या गेल्या. उद्या तुम्ही भाडेकरू ठेवलात आणि तो खोली सोडून गेला, तर ब्रोकरकडून दुसरा भाडेकरू फुकट मागाल का?"

असा तोडीचा मुद्दा त्यांनी कुठल्याही काउंटरपलीकडून ऐकला नव्हता. मनोरमाबाईंनीही भुवई उंचावली. पण ती रागाने नव्हे. चांगल्या गवयाने समोरच्याची तान ऐकून उंचावावी तशी.

"भाडेकरू मी विकत घेत नाही," त्या म्हणाल्या. "जे आपल्या मर्जीने निघून जातं, ते विकायला तुझं तरी होतं का?"

आता संघप्रियेने धुराचा डबा खाली ठेवला. "काका, बसा तुम्ही," ती म्हणाली, "याला वेळ लागणारे."

खरंच लागला. गोदूबाई जाळं टाकून ऐकायला आल्या. मधेच चहा आला. त्या दोघी एकमेकींचा मुद्दा पुरा होऊ देत आणि मग तो अलगद उचलून बाजूला ठेवत. कुणाचा आवाज चढला नाही. अखेर "मावशी, निम्म्यात तोडू या" इथवर संघप्रिया आली असेल नसेल, तेवढ्यात मनोरमाबाईंचा फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्र होते. त्यांचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

"वहिनी, तुमच्या माश्या माझ्या बेडरूमच्या खिडकीला लटकल्यात! एसीच्या ग्रिलवर! ये मोठा झुंबर झालाय! मिसेस किचनमध्ये स्वतःला कोंडून बसलीये!"

"सापडल्या!" संघप्रियेने टाळी वाजवली. "चला, पकडून देते. विषयच संपला."

मनोरमाबाईंनी फोनवर हात ठेवला. त्यांना पेच दिसत होता. माश्या आपल्या म्हणाव्यात तर माल सापडला, बदली पेटी गेली आणि वर सेक्रेटरीची तक्रार गळ्यात. त्यांनी हात काढला.

"हरिश्चंद्रभाऊ, त्या माझ्याच कशावरून?"

"मग कुणाच्या? अख्ख्या मीरा रोडमध्ये दुसरं कोण माश्या पाळतंय?"

"तेच तर. पाळलेल्या माश्या पेटीत असतात. या मोकळ्या आहेत. तुमच्या खिडकीवर आहेत. मी कसं सांगू?"

"बरं. तुमच्या न्हाय, तर मग कुणाच्याच न्हाय," हरिश्चंद्र म्हणाले. "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलाय. येतोच आहे तो. मारून टाकतो सगळ्या."

फोन बंद झाला. बाजूच्या पेट्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. संघप्रियेने जाळी, कापड आणि पेटी उचलली आणि गोदूबाईंच्या शेजाऱ्याची रिक्षा हाक मारून थांबवली. रिक्षा निघाली. बबनरावांनी बायकोकडे पाहिलं. वाद जिंकत आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

हरिश्चंद्रांच्या बेडरूममध्ये ते शिरले तेव्हा पाठीवर टाकी लावलेला माणूस खिडकीशी उभा होता. ग्रिलवर सोनेरी-तपकिरी घोस लोंबत होता आणि श्वास घेतल्यासारखा हलत होता.

"मारो, मारो," हरिश्चंद्र पलंगापलीकडून म्हणत होते. "किसीका नहीं है वो."

"माझ्या आहेत!"

दोघी एकाच वेळी बोलल्या. दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. टाकीवाल्याने नळी खाली केली. "साब, पहले फायनल करो."

"मावशी, तुम्ही गप्प राहा," संघप्रिया हळूच म्हणाली. "या माझ्या. मी तुम्हाला दुसरी पेटी देते, यांना मी घेऊन जाते."

"का म्हणून? पावती माझ्याकडे आहे."

"तुम्हीच म्हणालात, विकल्याच गेल्या नाहीत."

"आणि तू म्हणालीस, विकल्या गेल्या. मला पटलं ते." मनोरमाबाईंनी बबनरावांच्या हातातून पावती घेतली आणि हरिश्चंद्रांच्या नाकासमोर धरली. "हे बघा. नाव मनोरमा बबन पेडणेकर. मुंग्या चढल्या त्या माझ्या हातून. माश्या आल्या त्या माझ्या घरून. चूक माझी, त्रास तुम्हाला झाला, माफी मागते. आता दुसऱ्याच्या मालकीच्या जिवावर तुम्ही फवारा मारलात तर मात्र गाठ माझ्याशी आहे."

हरिश्चंद्र या गाठीला ओळखून होते. गेल्या वर्षी लिफ्टच्या प्रकरणात ती त्यांना बसली होती. त्यांनी टाकीवाल्याला हाताने थांबायची खूण केली. बबनराव भिंतीला टेकून उभे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोला एवढ्या हिरिरीने स्वतःला चुकीचं ठरवून घेताना पाहिलं नव्हतं, आणि तेही दोन माणसांशी भांडून. त्यांचे डोळे उगाचच भरून आले. त्यांनी ते एसीच्या नावावर खपवले.

संघप्रियेने उघड्या हातांनीच घोसाखाली पेटी धरली, ग्रिलला एक हलका झटका दिला आणि राणी आत पडली. मग जे झालं ते पाहायला हरिश्चंद्र पलंगाला वळसा घालून पुढे आले, त्यांची मिसेस किचनमधून बाहेर आली, टाकीवालाही वाकला. उरलेल्या माश्या ओळीने चालत, एकीमागे एक, पेटीच्या दारातून आत गेल्या.

"लाइन में जा रहे हैं," टाकीवाला म्हणाला. "अपने लोग नहीं जाते."

संध्याकाळी पेटी पुन्हा वेलांखाली बसली. स्टँडच्या वाट्यांत या खेपेला पाणी नव्हतं, गोडं तेल होतं. तोडगा दोघींनी लिफ्टमधून पेटी वर आणताना काढला होता आणि तो आधी कुणाला सुचला यावरून त्यांचं थोडं वाजलंही होतं. चहा पीत असताना संघप्रियेचा फोन पुन्हा वाजला. तिने नाव पाहून कपाळाला हात लावला.

"गुणवंतराव. सकाळपासून चौथ्यांदा. माल परत घ्या म्हणतायत. मावशी, यांना काय सांगू हो?"

"आण इकडे," मनोरमाबाईंनी हात पुढे केला आणि खुर्चीत नीट बसल्या. "नमस्कार. मी संघप्रियेच्या वतीने बोलतेय. काय म्हणता, चावतात? बरं. मग तुम्ही मधमाश्याच घेतल्यात ना हो? ससे नाही घेतलेत? ... नाही नाही, तुमची चूक आहे असं मी म्हटलंच नाही. मला एवढंच सांगा..."

बबनरावांनी कप खाली ठेवला. फोनच्या पलीकडच्या त्या गृहस्थाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल त्यांना फार वाईट वाटलं. ऐकायला मात्र ते सरसावून बसले. चहा गार होईपर्यंत गुणवंतरावांनी माफी मागितली होती, आणि फोन ठेवण्याआधी मेहुण्यासाठी आणखी एक पेटी सांगून ठेवली होती.