कोटामागची बेबीनंदा

‘खट्ट!’ जालन्याच्या स्टुडिओत कॅमेऱ्याचा तो आवाज झाला तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता, आणि आमच्या पोरीने, बेबीनंदाने, माझा कोट.

साल एकाहत्तर. मी, बायको कांता आणि पोरगी, असा घरच्यांचा फोटो काढायचा होता. कोट माझा नव्हताच, स्टुडिओचा होता. (फोटोपुरतं साहेब व्हायची तिथे सोय होती.) पण ज्या साहेबासाठी तो शिवला तो माझ्या दुप्पट असावा. फोटोवाला चांदपाशा म्हणाला, “भिवाभाऊ, पिच्छे से किसी को पकडने बोलो.” बेबीनंदा तेव्हा लहान. ती मागे गेली आणि तिने दोन्ही मुठींत कोट आवळला. मी एकदम साहेब!

तो फोटो पेटीतच राहिला असता तर बरं झालं असतं. पण पोरीला बघायला वाटूरचे तातेराव आले, त्या दिवशी मी तो समोरच्या भिंतीवर टांगला.

चहा झाल्यावर तातेराव फोटोपुढे उभे राहिले.

“ह्ये तुम्ही?”

“मीच.”

“बिलकुल साहेब दिसून राह्यले. मंग पोरगी कुठं? घरच्यांच्या फोटोत पोरगीच न्हाई?” त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दुखणं-बिखणं होतं का काही?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा मास्तर होता, माणसं चांगली होती, आणि पोरीच्याही मनात तो भरला होता.

“मामाच्या गावाला गेल्ती,” साहेबी वाचवायला मी म्हणालो.

“मंग तुमच्या कोपराजवळ ही रिबीन कोणाची?”

“कोटाची.”

“कोटाला रिबीन असती व्हय?” आतून आमची कांता कडाडली. “पोरगीच हाय ती, पाव्हणं! ह्यांचा कोट मागून धरून राह्यली.”

मग मला सगळं सांगावं लागलं. तातेराव पोट धरून हसले. बेबीनंदाला म्हणाले, “मंग सोडला का न्हाई, बाई?”

ती खाली मान घालून म्हणाली, “सोडला असता तं फोटोत नुसता कोटच आला असता.”

“कांताबाई, साखर आणा,” तातेराव म्हणाले. “आमच्या पोराचा सदराबी ढगळाच असतो.”

लग्नाला मी स्वतःच्या मापाचा कोट शिवला. (शिंप्याने ‘वाढत्या अंगाचा’ शिवला. माझी पन्नाशी जवळ आली होती.) पाठवणीला मी मोटारीजवळ छाती काढून उभा राहिलो. डोळे पुसले तर साहेबी जाईल म्हणून पुसतही नव्हतो.

एवढ्यात मागून कोट आवळला गेला. मी वळलो नाही. सवयीने श्वास धरला.

‘खट्ट’ काही झालं नाही. मुठी सुटल्या, कोट गुडघ्यापर्यंत लोंबला, आणि बुद्धवंदनेला नेसलेल्या लग्नाच्या पांढऱ्या साडीतली बेबीनंदा माझ्या बाजूने मोटारीकडे निघून गेली.