हौसा नको, इग्बो पाहिजे

हौसाबाई मागच्या दारी मासे साफ करत बसली होती, तेव्हा पडवीच्या कोपऱ्यातून तिच्या नवऱ्याचा हळू आवाज आला. रावजी फोनवर बोलत होता.

"नको, नको. हौसा माझ्या काय कामाची नाय. मला इग्बोच पाहिजे."

हौसाबाईच्या हातातला बांगडा टोपात पडला.

रावजी रत्नागिरीतल्या एका काजू कारखान्यात बियांची खरेदी बघत असे. मालकाला यंदा नायजेरियातून बी आणायची होती आणि हंगामभर तिकडं राहायला त्यानं रावजीला निवडलं होतं. त्या देशात भाषा पुष्कळ. हौसा ही एक, इग्बो ही दुसरी. रावजी जाणार होता त्या भागात इग्बो चालत होती. शिकवणी लावून देणारा माणूस फोनवर तेवढंच विचारत होता. पण परदेशाचं नाव काढलं तर बायको अन्नपाणी सोडील, या धास्तीनं रावजीनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. व्हिसा आला की सांगू, असा त्याचा बेत. हौसाबाईला मात्र जगात हौसा एकच ठाऊक होती.

"कोणाशी बोलत होतात?" तिनं विचारलं.

"कारखान्यातला माणूस," रावजी म्हणाला आणि उगाच नारळाच्या झाडाकडं बघू लागला.

शिकवणी कारखान्यातूनच, फोनवर सुरू झाली. शिकवणाऱ्या तिकडच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इग्बोत आधी करणारा, लगेच क्रियापद, मग बाकीचं. रावजीचं क्रियापद मराठी सवयीनं पार शेवटाला जाऊन बसे. जीभ वळावी म्हणून तो दिवसभर मराठीच त्या चालीत बोलू लागला.

"मी खातो भात," ताटावर बसून तो म्हणाला.

"मग खावा की."

"मला पाहिजे आमटी." मग जरा विचार करून, "हौसा करते आमटी चांगली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आमटीला त्यानं कधी चांगली म्हटलं नव्हतं. हौसाबाईचा उरलासुरला भरवसाही गेला.

शेजारच्या गोदूबाईंनी सगळं ऐकून मान हलवली. "नाव काय म्हणालीस? इग्बो? आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार असतात ना, त्यांच्यातली कोण असेल. आणि वाक्य उलटं बोलतोय म्हंजे तिच्याशी तसं बोलावं लागत असेल."

दोन दिवसांनी रावजी न्हाणीत घोकत होता, "अचोरो म म्मिरी, अचोरो म म्मिरी." मला पाणी पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या हौसाबाईला त्यात दोन शब्द लख्ख ऐकू आले: चोरून, आणि मिऱ्या. बाई जवळच्या मिऱ्या गावात राहते, हे उघड झालं.

तिनं नाटे गावाहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. सदू पहिल्या एस्टीनं आला आणि दोघं मिऱ्याला जाऊन दारोदार विचारत सुटली. "इकडं कोण इग्बो राहते काय?" कोणी म्हणालं नाय, कोणी म्हणालं भाड्यानं असेल. दुपारपर्यंत गावात कोणी परदेशी बाई लपली आहे अशी बोलवा उठली. रावजीचा एक ओळखीचा तिथं होता. त्यानं कारखान्यात फोन केला.

"तुझी बायको इकडं इग्बो शोधत फिरत्ये. काय भानगड आहे?"

बायकोला नायजेरियाचं कळलं, असं समजून रावजी तसाच घरी आला. ओटीवर हौसाबाई आणि सदू वाट बघतच होती.

"व्हय, चुकलो मी," तो म्हणाला. "सांगणारच होतो. व्हिसा आल्यावर."

"तिला व्हिसा लागतो?"

"तिला कशाला? मला लागतो. हंगामापुरतं तिकडं राहीन, पावसाच्या आधी परत येतो."

सदू उठून उभा राहिला. "भावोजी, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय? मालकानंच पाठवलंय."

"मालकाला ठाऊक आहे?" हौसाबाईनं विचारलं.

"खर्च सगळा तोच करतोय."

हौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात रावजीचा फोन वाजला. शिकवणीची वेळ झाली होती. तिनं तो हिसकावून घेतला. पडद्यावर डोक्याला रंगीत फडकं बांधलेली, साठीची, चष्मेवाली बाई हसत होती.

"कोण गो तू?" हौसाबाईनं विचारलं.

न्गोझीबाई निवृत्त शिक्षिका. नवी विद्यार्थिनी आली असं त्यांना वाटलं. छातीवर हात ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "आहा म बू न्गोझी." मग बोट हौसाबाईकडं वळवलं.

नाव विचारतेय हे कुठल्याही बाईला कळलं असतं. हौसाबाईनंही छातीवर हात ठेवला. "आहा म बू हौसा."

न्गोझीबाईंनी जोरात मान हलवली. "नो, नो. नो हौसा. इग्बो."

"बघा," हौसाबाई नवऱ्याकडं वळली, "ही पण म्हणत्ये हौसा नको."

मग रावजीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सदूनं ते दोनदा सांगायला लावलं. शेवटी हौसाबाईनं डोळे पुसले आणि जायला परवानगी दिली. अट एकच, शिकवणी तिच्यासमोर व्हायची.

ती शेजारी बसू लागली. चुकायच्या भीतीनं रावजी गप्प राही. तिला चुकायची फिकीर नव्हती. महिनाभरात न्गोझीबाई रावजीला नुसतं बरं आहेस ना विचारत आणि बाकीचा वेळ हौसाबाईशी बोलत. रावजी वही उघडून बसलेला असे.

एका संध्याकाळी हौसाबाई काहीतरी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता दोघींनी त्याच्याकडं पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"काय नाय. तुम्ही चहा घ्या."

वाक्य "दी म" असं सुरू झालं होतं. दी म म्हणजे माझा नवरा, एवढं रावजीला कळलं होतं. त्याच्या पुढचं क्रियापद मात्र बाईंनी त्याला शिकवलेलं नव्हतं.